सामोआचा मिशन-अल्बम हाती आला तर: आधी मागची बाजू

प्रश्न थोडक्यात असा: "मी ऑकलंडला राहते. रविवारच्या जुन्या बाजारात एक अल्बम मिळाला. त्यात ३४ फोटो, आणि सोबत पत्र्याच्या डब्यात १२ काचपट्ट्या. काही ठिकाणी सामोआ आणि रारोटोंगा या पॅसिफिकमधल्या बेटांची नावं लिहिलीत, साल कुठेच नाही. चर्च, पांढऱ्या कपड्यांतली मुलं, मधोमध पाद्री, नारळाची झाडं, शिवाय काही अर्धनग्न बायकांचे स्टुडिओतले फोटो. हे तिथलं खरं आयुष्य आहे की मिशनऱ्यांची जाहिरात? साल कसं ठरवायचं? आणि या अल्बमचं मी करू काय?" अठरा पानांचे मोबाइलवर काढलेले फोटोही सोबत आले आहेत.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीच्या दोन्हींना अर्थ उरणार नाही. अल्बममधला एकही फोटो सोडवू नका. मागे काय लिहिलंय ते बघायचा मोह होतो. मलाही झाला होता. नोकरीच्या सुरुवातीला नगरच्या मिशनचा एक जुना अल्बम नोंदवायला माझ्याकडे आला होता. त्यातला एक फोटो मी पातळ सुरीने उचलायला गेलो आणि कागदाचा मागचा पापुद्रा पुठ्ठ्यालाच चिकटून राहिला. त्या पापुद्र्यावर पेन्सिलीने नावं लिहिलेली होती. अर्धी वाचता आली, अर्धी कायमची गेली. तेव्हापासून जे आपोआप सुटलंय त्याचीच मागची बाजू मी बघतो. तुमच्या अल्बममधल्या सतरा क्रमांकाच्या फोटोचे दोन कोपरे सुटलेले दिसतात, त्याच्याकडे शेवटी येतो.

सध्या इतकंच करा. प्रत्येक पान अख्खं स्कॅन करा, ६०० डीपीआयला, पानावरच्या शाईच्या अक्षरांसकट. मग एकेक फोटो वेगळा. पानांचा क्रम बदलू नका. अल्बम लावणाऱ्याने कशाशेजारी काय लावलं, ही स्वतःच एक माहिती आहे. काचपट्ट्या कडेने धरा आणि पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, एकीवर एक आडव्या रचू नका. काच पुसायचा स्प्रे तर चुकूनही नको. कडेची काळी कागदी पट्टी सुटत असली तरी सेलोटेप लावू नका.

आता साल.

सहाव्या पानावरचा सामोआतल्या आपिया बंदराचा फोटो मोठा करून बघा. डाव्या बाजूला प्रवाळखडकावर जहाजाचं एक धूड कुशीवर पडलेलं आहे. ते 'आडलर' या जर्मन युद्धनौकेचं असावं. मार्च १८८९ मध्ये आपियात तीन अमेरिकन, तीन जर्मन आणि एक ब्रिटिश अशा सात युद्धनौका एकमेकींवर डोळा ठेवून नांगरलेल्या होत्या. मोठं वादळ आलं. फक्त ब्रिटिश 'कॅलिओपी' कशीबशी समुद्रात निसटली, बाकी सहा बुडाल्या नाहीतर किनाऱ्यावर आपटल्या. 'आडलर'ला लाटेने उचलून खडकावर टाकलं आणि तिचा सांगाडा तिथे कित्येक दशकं तसाच पडून होता. आपियाच्या फोटोत तो दिसला, की फोटो मार्च १८८९ नंतरचा. इतकी सोपी खूण या कामात क्वचितच मिळते.

वरची मर्यादा कागद सांगतो. साध्या भिंगातून बघा: कागदाचे तंतू दिसतात, पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं आहे आणि उजळ भाग पिवळट पडलेत? तो अल्ब्युमिन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यावर छापलेला. हा कागद इतका पातळ, की पुठ्ठ्यावर चिकटवल्याशिवाय गत्यंतर नसे. १८९०च्या दशकात तो मागे पडत गेला. तंतू दिसत नसतील आणि काळ्या भागावर चंदेरी चकाकी आली असेल, तर तो जिलेटिनचा, बहुधा नंतरचा. सहाव्या पानाचा फोटो अल्ब्युमिनचा वाटतो, म्हणून ढोबळमानाने १८८९ ते १९००. मोबाइलच्या फोटोवरून याहून पुढे मी जाणार नाही.

एक सापळा मात्र आहे. नवव्या पानावरच्या फोटोखाली निगेटिव्हच्या काचेवरच लिहिलेली पांढरी ओळ आहे: क्रमांक, गावाचं नाव आणि 'बर्टन ब्रदर्स, ड्युनेडिन'. न्यूझीलंडमधल्या या फोटोच्या दुकानातला आल्फ्रेड बर्टन १८८४ मध्ये 'वायरारापा' जहाजातून फिजी, टोंगा आणि सामोआ फिरून आला आणि तिथले फोटो मालिका करून विकले. पुढे १८९८ मध्ये दुकान म्युअर अँड मूडी यांच्याकडे गेलं. त्यांनी जुन्याच निगेटिव्हवरून आपल्या नावाची पोस्टकार्डं काढली. त्यामुळे १९०५ सालचं कार्ड आणि १८८४ सालचा माणूस, असं सर्रास होतं. कागदाचं साल, निगेटिव्हचं साल आणि अल्बममध्ये चिकटवल्याचं साल, नोंद करताना हे तीन वेगळे रकाने ठेवा.

"सगळे पांढऱ्या कपड्यांत" असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल. रविवारी पांढरं नेसायची चाल सामोआत आजही आहे, तेव्हा बरेचसे कपडे खरोखरच पांढरे असतील. पण त्या काळच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या रंगाला फार हळव्या आणि तांबड्याला जवळपास आंधळ्या होत्या. फिकट निळं कापड पांढरं उतरायचं, लाल कापड काळं. आकाश नेहमी कोरं दिसतं ते यामुळेच. तपकिरी कातडी होती त्याहून गडद यायची, आणि फोटो पाहणारा लंडनकर त्यातून आपले निष्कर्ष काढायचा.

याचा सगळ्यात विचित्र परिणाम झाला तो गोंदणावर. न्यूझीलंडच्या माओरींच्या चेहऱ्यावरचं मोको निळसर-हिरवट झाकेचं असतं. ओल्या काचेच्या पद्धतीत, जिथे काचेवर रसायन ओलं असतानाच दहा-पंधरा मिनिटांत फोटो काढून धुवावा लागे, हे गोंदण अनेकदा जवळपास नाहीसं व्हायचं. मग स्टुडिओवाले निगेटिव्हवर ब्रशने ते पुन्हा काढायचे, कधी नीट, कधी मनाने. मायकल ब्रॅडली या न्यूझीलंडच्या फोटोग्राफरने अलीकडे आजच्या मोकोधारी माणसांचे फोटो त्याच जुन्या पद्धतीने काढून दाखवले: डिजिटल फोटोत चेहराभर रेषा, शेजारच्या ओल्या काचेवर तोच चेहरा कोरा. म्हणून जुन्या फोटोत गोंदण दिसत नाही एवढ्यावरून "मिशनऱ्यांनी गोंदण बंद पाडलं" असं लिहू नका. सामोआत मिशनऱ्यांनी विरोध केला हे खरं, पण पुरुषांचं कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं गोंदण, पेआ, त्यांना काही थांबवता आलं नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, खरं की जाहिरात. मला हा प्रश्नच थोडा चुकीचा वाटतो. आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बमला कुणी असं विचारतं का? तो खरा असतो आणि दाखवण्यासाठी सजवलेलाही असतो. मी आधी एवढंच विचारतो: हा फोटो कुणाला दाखवायला काढला?

तुमच्या काचपट्ट्यांचं उत्तर सरळ आहे. त्या मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे काचेवरचं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवणाऱ्या यंत्राच्या आहेत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची शांबरिक खरोलिका ज्या यंत्रावर चाले, त्याच जातीच्या. तुम्ही माप सव्वातीन इंच चौरस दिलंय, म्हणजे ब्रिटिश. अमेरिकन पट्टी एका बाजूने चार इंच असते. प्रत्येकीच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका आहे ना? चित्र सुलट धरलं की तो खाली डावीकडे यायला हवा. यंत्रात पट्टी उलटी घालावी लागे, आणि अंधारात अंगठा नेमका त्या ठिपक्यावर यावा म्हणून ती सोय. तुम्ही पाठवलेल्या चौथ्या पट्टीत ठिपका बरोबर जागी आहे, पण पाद्र्याच्या कोटाची उजवी बाजू डावीवर आलेली दिसते. पुरुषांचा कोट याच्या उलट असतो. म्हणजे ठिपका लावणाऱ्यानेच काच पालथी धरली होती, आणि त्या चित्रातलं चर्च डोंगराच्या चुकीच्या बाजूला उभं आहे. गाव ओळखायला बसाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

या पट्ट्या छापील भाषणासोबत संचाने भाड्याने जात. बघणारे कोण, तर ब्रिटनमधल्या संडे स्कूलची पोरं आणि त्यांचे आईबाप. लंडन मिशनरी सोसायटीचं 'जॉन विल्यम्स' हे जहाज १८४४ मध्ये घेतलं गेलं तेच मुळी मुलांनी गोळा केलेल्या पैशांतून, आणि पुढची जहाजंही त्याच नावाची. आपल्या खाऊच्या पैशांचं काय झालं हे पोरांना दाखवायचं, म्हणून एवढ्या शाळा, एवढी मुलं, एवढी जहाजं. त्यात खोटं काही नाही. फक्त पैसे देणाऱ्याला जे बघायचं नाही ते तिथे नाही. पावसाळ्यात गळणारं छप्पर नाही, पाद्री आणि गावचा मुख्य यांचं भांडण नाही, शेजारच्या गावातलं कॅथलिक चर्च तर नाहीच नाही.

'आधी' आणि 'नंतर' अशा जोड्यांबाबत सावध राहा. अकराव्या पानावर डावीकडे गदा घेतलेला 'रानटी योद्धा' आणि उजवीकडे सदऱ्यातला 'धर्मशिक्षक' शेजारी लावलेत. मागे टांगलेलं कापड बघा. ते सियापो, म्हणजे झाडाची साल कुटून केलेलं नक्षीचं कापड. दोन्ही फोटोंत नक्षी तीच, आणि उजव्या खांद्यामागची घडीही तीच. एकाच स्टुडिओत, कदाचित एकाच आठवड्यात काढलेले दोन फोटो आहेत हे. 'आधी' आणि 'नंतर' ते अल्बम लावणाऱ्याच्या मनात झाले.

याच धाग्याने त्या स्टुडिओतल्या बायकांच्या फोटोंकडे येतो. असे फोटो मिशनच्या अल्बममध्ये कसे, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं. मला अजिबात वाटत नाही. आपियात धंदा करणारे फोटोग्राफर मोजकेच: पोस्टमास्तर असलेला जॉन डेव्हिस, १८८६ मध्ये आलेला आल्फ्रेड टॅटरसॉल आणि १८९१ पासून १९३९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिलेला थॉमस अँड्र्यू. पाद्र्याला चर्चचा फोटो हवा असला तरी दुकान तेच, आणि खलाशाला 'सामोअन सुंदरी' हवी असली तरी दुकान तेच. तुइगा हा केसांचा, शिंपल्यांचा उंच मुकुट गावच्या मुख्याच्या घरातल्या मानाच्या व्यक्तीने, बहुधा त्याच्या मुलीने, समारंभात घालायचा. स्टुडिओत तो खुंटीला टांगलेल्या टोपीसारखा कुणाच्याही डोक्यावर चढे. मानेपासून घोट्यापर्यंत झाकून रविवारी चर्चला जाणारी मुलगीच सोमवारी त्या पडद्यासमोर उभी राहत असण्याची शक्यता भरपूर. तिने त्याला काय म्हणून होकार दिला, की दिलाच नाही, हे फोटो सांगत नाही. माझं मत विचाराल तर हे फोटो नोंदवा, जपा, पण इंटरनेटवर टाकू नका.

ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो तो फोटो पंधराव्या पानावर आहे. चुन्याच्या भिंतीचं घर, समोर दोन रांगा. मधोमध खुर्चीत दाढीवाला गोरा पाद्री, शेजारी त्याची बायको. मागे आणि खाली बसलेली चौदा माणसं, सात पुरुष आणि सात बायका. खाली इंग्रजीत शाईने पाद्र्याचं नाव, आणि त्यापुढे 'व स्थानिक शिक्षक'. बास. आता मोठं करून बघा. पुरुषांच्या अंगात कोट आहेत, खाली लावालावा, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, पाय अनवाणी. खालच्या रांगेतल्या तीन बायकांच्या मांडीवर केवड्याच्या जातीच्या पानांपासून विणलेल्या हॅट आहेत. फोटोपुरत्या डोक्यावरून काढलेल्या. डावीकडून दुसऱ्या माणसाच्या हातातल्या पुस्तकात बोट घातलेलं आहे, वाचता वाचता उठून आल्यासारखं.

पॉलिनेशियात, म्हणजे या बेटांच्या पट्ट्यात, ख्रिस्ती धर्म पसरवला तो मुख्यतः या चौदा जणांसारख्यांनी. लंडनचे पाद्री 'डफ' जहाजातून मार्च १७९७ मध्ये ताहितीला उतरले खरे, पण पुढची बेटं त्यांनी एकट्यांनी घेतली नाहीत. ताहितीजवळच्या रायातेआ बेटावरून निघालेला शिक्षक पापेइहा १८२१ मध्ये आईतुताकीला आणि १८२३ मध्ये रारोटोंगाला गेला, तेव्हा रारोटोंगाच्या किनाऱ्यावर तो एकटाच मागे राहिला. लंडन सोसायटीचा पाद्री जॉन विल्यम्स १८३० मध्ये सामोआच्या सवाई बेटावर आला तो थोडे दिवस. तिथला मोठा मुख्य मालिएतोआ याच्याकडे आठ बेटवासी शिक्षकांना सोडून निघून गेला. सोसायटीचे गोरे पाद्री तिथे राहायला आले ते १८३५-३६ मध्ये. मधली पाच वर्षं सगळा कारभार त्या आठांचा. नीउए बेटावर १८४६ मध्ये धर्म नेला पेनियामिनाने. तो नीउएचाच, सामोआत शिकून परतलेला. मनिहिकीचा एलेकाना १८६१ मध्ये वादळात होडी भरकटून तुवालूच्या नुकुलाएलाएला लागला आणि शिकवू लागला. रारोटोंगाचं ताकामोआ १८३९चं, सामोआचं मालुआ १८४४चं. या विद्यालयांतून जोडपी शिकून निघायची आणि पार न्यू गिनीतल्या पापुआपर्यंत जायची, जिथे कित्येक जण हिवतापाने वर्षभरात मरायचे. मांगाइआ बेटावरचा रुआतोका पापुआत १९०३ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं टिकला, असे थोडे.

म्हणून त्या 'व स्थानिक शिक्षक'वर माझं बोट अडतं. ही ओळ मला नगरच्या फोटोंतही भेटली आहे. बोस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्ड या मिशन-संस्थेची माणसं १८१३ मध्ये मुंबईत पोचली आणि जिने पुढे नगरला ठाणं घातलं, तिचीच माणसं १८२० मध्ये हवाईला पोचली. सामोआची कचेरी लंडनची, पण फोटोखालची शाई तीच, आणि गाळलेली नावंही एकाच पद्धतीची.

नारळीच्या झाडांतलं 'पारंपरिक गाव' म्हणून तेराव्या पानावर जो रारोटोंगाचा फोटो आहे, त्याबद्दल एवढंच: रस्त्याच्या कडेने सरळ रेषेत उभी पांढरी घरं ही परंपरा नव्हे. लोक आत, डोंगरपायथ्याशी पांगून राहत. मिशनच्या आग्रहाने ते किनाऱ्यावर चर्चभोवती आले, आणि प्रवाळ भाजून चुना करायलाही तेव्हाच शिकले. फोटो काढणाऱ्याला जे जुनं वाटलं ते त्या वेळी जेमतेम दोन-तीन पिढ्यांचं होतं.

हे सगळं वाचून "बिचाऱ्यांची संस्कृती पुसली" असा सूर लावायचा मोह होईल. तो अल्बम घेऊन ऑकलंडमधल्या एखाद्या सामोअन चर्चमध्ये जाऊन बघा. मी अशा फोटोंचे प्रिंट घेऊन अनेकदा बसलो आहे. म्हातारी माणसं पाद्र्याकडे बघतसुद्धा नाहीत. बोट फिरतं ते मागच्या रांगेवर: हे कान आमच्या घराण्यातले, ही हॅटची वीण अमुक गावाची. त्यांच्या लेखी मिशन हे कुणी बाहेरून येऊन केलेलं काम नाही, त्यांच्या पणजोबांनी केलेलं काम आहे. माओरी लोक तर पूर्वजांचे फोटो सभागृहाच्या भिंतीवर लावतात आणि त्यांच्याशी बोलतात. तेव्हा मृताचा किंवा ओळखीच्या पूर्वजाचा फोटो दाखवताना आधी विचारावं, आणि जेवणाच्या टेबलावर अल्बम पसरू नये.

नावं मिळण्याची आशा किती, हे प्रामाणिकपणे सांगतो: कमी. नोव्हेंबर १९१८ मध्ये 'तालुने' जहाजाने ऑकलंडहून इन्फ्लुएंझा नेला आणि पश्चिम सामोआत सुमारे ८,५०० माणसं मेली, लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. वडीलधारे मोठ्या संख्येने गेले आणि कोण कोणाचं हे सांगणारी तोंडं एकदम कमी झाली. तुमच्या अल्बममधल्या पांढऱ्या कपड्यांतल्या मुलांपैकी किती १९१९ मध्ये जिवंत होती, हा विचार मी सहसा टाळतो.

तरी मार्ग आहेत. सोसायटीची कागदपत्रं आणि फोटो लंडनच्या सोआस या विद्यापीठात आहेत. निरनिराळ्या मिशनांचे हजारो फोटो दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात घरबसल्या बघता येतात. अँड्र्यूचं आणि बर्टनांचं बरंच काम वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे. मेथडिस्ट मिशनरी जॉर्ज ब्राउनचा मोठा संग्रह सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये. तुमचा पंधराव्या पानाचा फोटो दुसऱ्या कुणाच्या संग्रहात असेल, तर तिथे मागे नावं असू शकतात.  संग्रहांत शोधताना पाद्र्याच्या नावाने शोधा. दुर्दैवाने नोंदी त्याच नावाने आहेत.

अल्बम विकू नका आणि सुटे फोटो तर नकोच. नंतर तो एखाद्या संग्रहालयाला द्यायचा की चर्चला, हे दोन-चार महिन्यांनी ठरवता येईल.

आणि तो सतराव्या क्रमांकाचा, कोपरे सुटलेला फोटो. वरच्या उजव्या कोपऱ्यातून आतल्या बाजूला पेन्सिलीची दोन अक्षरं डोकावताना दिसतायत. ओढू नका. खोलीत पंखा बंद करा, पान सपाट ठेवा, कोपरा जेवढा स्वतःहून उचलला जातो तेवढ्यातच बाजूने टॉर्चचा तिरपा प्रकाश टाका आणि मोबाइल अगदी जवळ नेऊन पाच-सहा फोटो काढा. ते पाठवा. शब्द 'फाइ' असा सुरू होत असेल तर तो 'फाइफेआऊ', म्हणजे सामोअन पाद्री, असण्याची शक्यता आहे, आणि पुढे नाव असेल.